शरीराची ओळखपरेड

गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात कुष्ठरुग्ण शोध मोहीम सुरू झाली की आशाताई आणि तिच्या जोडीचा पुरुष कार्यकर्ता गावोगावी, टोल्याटोल्यांत फिरतात. बायकांना आशाताईनं तपासायचं, पुरुषांना त्यानं. आडोसा बघून, पण उजेड पाठीवर पडेल असं बसवायचं आणि पाठ, दंड, मांड्या, कानाच्या पाळ्या नीट निरखायच्या. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला की बॉलपेन निघतं. ‘डोळे मिट. जिथं टेकवीन तिथं बोट ठेव.’ हे कधी मराठीत सांगायचं, कधी माडियात. चांगल्या कातडीवर टोक टेकलं की बोट बरोबर तिथं येतं. चट्ट्याच्या मधोमध टेकलं की काहीच होत नाही. पेनाचं टोक अजून टेकायचंय, अशा समजुतीनं माणूस डोळे मिटून वाट बघत राहतो. मग त्याचा हात कोपरात वाकवून आतल्या बाजूच्या खोबणीत बोटं फिरवायची. तिथून जाणारी नस सुतळीसारखी जाड लागली, दाबल्यावर कळ गेली, की संशय पक्का होत जातो.

चट्टा खाजत नाही, दुखत नाही, म्हणूनच तो वर्षानुवर्षं अंगावर राहतो. मोहाची फुलं वेचायची, तेंदूपत्त्याची पुडकी बांधायची, धानाची रोवणी करायची, यात पाठीवरच्या न दुखणाऱ्या डागाकडे बघायला कुणाला सवड असते?

या रोगाचं सगळ्यात मोठं कोडं मात्र चट्ट्यात नाही, घरात आहे. एकाच छपराखाली राहणाऱ्या, एकाच चुलीवरचं खाणाऱ्या माणसांत जंतू तोच असतो. तरी एकाच्या अंगावर एकच बधीर चट्टा उठतो आणि त्यात शोधूनही जंतू सापडत नाहीत. दुसऱ्याच्या कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया विरळ होतात, चेहरा तेलकट चमकतो आणि त्याच्या कातडीच्या कणभर नमुन्यात जंतूंचे पुंजकेच्या पुंजके दिसतात. बाकीच्या सगळ्यांना आयुष्यभर काहीही होत नाही. जगातल्या जवळपास 95 टक्के माणसांना हा जंतू काही करू शकत नाही, असं मानलं जातं. मग फरक कशात? जंतूमध्ये फारसा नाही. फरक आहे तो प्रत्येकाच्या शरीरानं त्या जंतूला काय म्हणून ओळखलं, यात.

आपलं काय आणि परकं काय, हे शरीराला कोण शिकवतं? या प्रश्नाच्या उत्तरातल्या एका मोठ्या तुकड्याला 6 ऑक्टोबर 2025 रोजी नोबेल पुरस्कार जाहीर झाला. जपानचे शिमोन साकागुची आणि अमेरिकेतले मेरी ब्रन्को व फ्रेड रॅम्सडेल हे त्याचे मानकरी. बातम्या आल्या त्या मधुमेह, संधिवात आणि कर्करोगाच्या संदर्भात. पण या संशोधनाचा अर्थ गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्टीतल्या कुष्ठरुग्णाच्या कोपरातल्या नशीपर्यंत पोचतो आणि तो तिथून वाचायला घेतला तर जास्त स्वच्छ दिसतो.

प्रश्न जुना आहे. 1900 च्या सुमारास पॉल अर्लिख आणि त्यांचे सहकारी मॉर्गेनरोथ यांनी शेळ्यांना दुसऱ्या शेळ्यांचं रक्त टोचलं. शेळ्यांनी त्या परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली, पण स्वतःच्या रक्ताविरुद्ध मात्र केली नाहीत. शरीराला स्वतःवर उलटण्याची जणू भीतीच वाटते, असं अर्लिख यांनी मांडलं. ही भीती जन्मजात की शिकलेली, हे मात्र पुढची चार दशकं कुणाला सांगता आलं नाही.

उत्तराचा पहिला धागा गोठ्यात सापडला. गाईच्या पोटात जुळी वासरं असली की त्यांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या बहुधा एकमेकींना जोडल्या जातात. 1945 मध्ये रे ओवेन यांच्या लक्षात आलं की अशा जुळ्यांच्या अंगात एकमेकांच्या रक्तपेशी कायमच्या नांदतात. दोघांचे बाप वेगळे असले तरी भांडण होत नाही. म्हणजे जन्माआधी जे भेटलं ते आपलं. मॅकफार्लेन बर्नेट यांनी 1949 मध्ये यावरून सिद्धान्त मांडला. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या माणसांवर परक्याची कातडी का टिकत नाही, या प्रश्नाशी झगडलेल्या पीटर मेडावर यांनी 1953 मध्ये बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांच्यासोबत उंदरांवर तो सिद्ध केला. जन्माला येण्यापूर्वीच पिल्लाला परक्या उंदराच्या पेशी टोचल्या, तर मोठेपणी ते त्या उंदराची कातडी आपलीच समजून अंगावर वागवतं. 1960 चं नोबेल बर्नेट आणि मेडावर यांना मिळालं. सहिष्णुता जन्मजात नसते, ती शिकवली जाते, हे तेव्हा पक्कं झालं.

शाळा कुठे भरते हे 1961 मध्ये कळलं. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वर थायमस नावाची एक ग्रंथी असते. बालपणी ती मोठी असते, वयात आल्यावर आक्रसत जाते. ती काही कामाची नाही असंच तोवर धरून चाललं होतं. जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढली, तेव्हा त्या उंदरांच्या रक्तातल्या लिंफ पेशी घटल्या, ते साध्या जंतुसंसर्गाला बळी पडू लागले आणि कुणाचीही कातडी निमूटपणे स्वीकारू लागले.

थायमसमध्ये जे चालतं त्याला पोलिसांच्या ओळखपरेडीचीच उपमा शोभते. इथं तयार होणाऱ्या, शरीराच्या शिपाई असलेल्या नव्या टी पेशींच्या पृष्ठभागावर ग्राहक नावाची पकड असते. ती घडवताना पेशी जनुकांचे तुकडे अक्षरशः चिठ्ठ्या टाकल्यासारखे जोडते, त्यामुळे प्रत्येकीची पकड वेगळी होते. काहींची पकड एखाद्या विषाणूवर बसेल, काहींची कशावरच नाही आणि काहींची थेट स्वतःच्या यकृतावर किंवा मेंदूवर. म्हणून थायमसमध्ये प्रत्येक नव्या पेशीसमोर शरीराचे स्वतःचे नमुने उभे केले जातात. जिची पकड कशालाच लागत नाही ती उपाशी मरते. जिची पकड स्वतःच्या नमुन्यावर फार घट्ट बसते तिला तिथंच मरण पत्करावं लागतं. शंभरातल्या पंच्याण्णवांहून जास्त पेशी या परेडमधून जिवंत बाहेर पडत नाहीत. एवढी नासाडी निसर्ग सहसा सोसत नाही. इथं सोसतो, यावरूनच शरीराला स्वतःपासून केवढा धोका आहे हे कळतं.

पण छातीतल्या ग्रंथीत स्वादुपिंडाचा नमुना कुठून येणार? इन्सुलिन तर पोटात तयार होतं. या अडचणीचा उलगडा 1997 मध्ये सापडलेल्या एका जनुकानं केला. त्याचं नाव आयर. या जनुकाच्या जोरावर थायमसमधल्या काही पेशी इन्सुलिनसकट शरीरभरातली हजारो प्रथिनं थोडी थोडी बनवतात आणि परेडला मांडतात. हे जनुक बिघडलेल्या मुलांत शरीर एकामागून एक स्वतःच्या ग्रंथींवर तुटून पडतं. फिनलंडमध्ये असे रुग्ण तुलनेनं जास्त आहेत आणि जनुकाचा माग त्यांच्यामुळेच लागला.

परेडला जे उभंच राहिलं नाही ते कायमचं परकं, याचा जगातला सर्वात बोलका दाखला मुंबईचा आहे. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे यांनी सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांसोबत ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एका विलक्षण रक्ताची नोंद केली. तपासणीत ते रक्त ‘ओ’ गटाचं दिसे, पण त्याला ‘ओ’ गटाचं रक्तसुद्धा चालेना. कारण असं की ए आणि बी हे गट ज्या पायावर उभे असतात तो एच नावाचा शर्करेचा पाया ‘ओ’सकट जवळजवळ सगळ्या माणसांच्या रक्तपेशींवर असतो. या माणसांत तोच नव्हता. स्वतःच्या अंगात जे कधी बघितलंच नाही, ते त्यांच्या शरीरानं शत्रू ठरवलं. आतड्यातल्या जंतूंवर तशाच साखरा असतात, त्यांच्याशी लढता लढता प्रतिपिंडं तयार झाली. जगभरच्या कोट्यवधी लोकांना जे रक्त आपलं वाटतं, ते या माणसांना प्राणघातक ठरू शकतं. हाच तो ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं राहिलं.

रक्तगटांचा अभ्यास मुंबईत पुढे वाढत गेला आणि त्यातून केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय संस्था उभी राहिली. विदर्भातल्या सिकलसेलच्या रुग्णांसाठी हा अभ्यास कोरडा पुस्तकी नाही. ज्या मुलाला पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागतं, त्याचं शरीर ए, बी, ओ जुळूनही रक्तातल्या बारीकसारीक परक्या खुणा टिपत जातं, त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं साठवतं आणि पुढच्या खेपेला जुळणारी पिशवी शोधणं अवघड करून ठेवतं. आपलं-परकं ही भानगड एटापल्लीच्या आईबापांना अशी रक्तपेढीच्या दारात भेटते.

थायमसची परेड कितीही कडक असली तरी काही चुकार पेशी निसटतातच. तुमच्या-माझ्या अंगात या घटकेला स्वतःवर पकड बसू शकेल अशा टी पेशी फिरताहेत. तरी बहुतेकांना काही होत नाही. का?

याचं उत्तर 1969 च्या एका विचित्र प्रयोगात दडलं होतं. जपानी संशोधकांनी उंदरांची थायमस जन्मल्यावर बरोबर तिसऱ्या दिवशी काढली. प्रतिकार कमी पडेल अशी अपेक्षा होती. झालं उलटंच. उंदरांचं शरीर स्वतःच्याच बीजकोशावर आणि इतर ग्रंथींवर उलटलं. साकागुचींनी यातून अंदाज बांधला की थायमसमधून शिपायांबरोबर त्यांना आवरणारे जमादारही बाहेर पडत असले पाहिजेत आणि तिसऱ्या दिवशीच्या शस्त्रक्रियेनं नेमकी त्यांची तुकडी अडली. हे मांडायला तो काळ वाईट होता. ‘दाबून टाकणाऱ्या’ टी पेशींची एक जुनी कल्पना पुराव्याअभावी बदनाम झालेली होती आणि तो विषय काढणाऱ्याकडे लोक संशयानं बघत. साकागुचींनी तो सोडला नाही. 1995 मध्ये त्यांनी या पेशी ओळखण्याची खूण दाखवली. त्यांना आज नियामक टी पेशी म्हणतात.

दुसरं टोक अमेरिकेत होतं. 1940 च्या दशकात टेनेसीतल्या ओक रिज इथं उंदरांची एक जात आपसूक निपजली होती. त्यातल्या नरांची कातडी खवल्यांची होई, प्लीहा सुजे आणि ते काही आठवड्यांत मरत. ब्रन्को आणि रॅम्सडेल यांनी या रोगाचं जनुक शोधायला घेतलं. आजच्यासारखी जनुकवाचनाची यंत्रं तेव्हा नव्हती. एक्स गुणसूत्राचा पट्टा आखडत आखडत ते वीस जनुकांवर आले, एकेक तपासत गेले आणि दोष विसाव्यात सापडला. 2001 मध्ये त्याला फॉक्सपी-3 हे नाव मिळालं. याच जनुकातल्या दोषामुळे काही मुलगे तान्हेपणीच मधुमेह, जुलाब आणि अंगभर चट्टे घेऊन आजारी पडतात, हेही त्याच सुमारास उघड झालं. दोन वर्षांनी दोन्ही टोकं जुळली. फॉक्सपी-3 म्हणजेच साकागुचींच्या जमादार पेशींना जमादार करणारं जनुक.

याखेरीज आणखीही पहारे आहेत. टी पेशीला नुसतं परकं दिसून भागत नाही, दुसरा धोक्याचा इशाराही लागतो. तो नाही आला तर ती पेशी सुस्त होऊन बसते. टी पेशींना आवरणारे लगामही असतात आणि कर्करोगावरच्या काही नव्या औषधांनी ते मुद्दाम सैल केले जातात. त्यांच्या शोधाला 2018 चं नोबेल मिळालं. ही औषधं घेणाऱ्या काही रुग्णांत थायरॉइडवर किंवा आतड्यांवर स्वतःचाच हल्ला सुरू होतो, यातच लगामाचं महत्त्व दिसतं.

आता पुन्हा एटापल्लीकडे. सहिष्णुता ही स्वतःच्या अंगासाठी राखून ठेवलेली सवलत. ती एखाद्या परक्या जंतूला मिळाली तर काय होतं, हे कुष्ठरोगाइतकं उघड्यावर दुसरीकडे क्वचितच दिसतं.

नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये गेरहार्ड हॅन्सन यांनी 1873 मध्ये हा जंतू पाहिला. तो अतिशय संथ आहे. एकाचे दोन व्हायला बारा-चौदा दिवस घेतो. त्याला थंडावा लागतो, म्हणून नाक, कानाच्या पाळ्या, कातडी आणि वरवरच्या नसा हे त्याचं घर. लागण झाल्यापासून चट्टा उठेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही. आजपर्यंत त्याला प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवणं कुणाला जमलेलं नाही. आणि तो स्वतः फारसं विष सोडत नाही. हातापायाची जी दशा होते ती बरीचशी शरीराच्या प्रत्युत्तरामुळे.

रिडली आणि जॉपलिंग यांनी 1966 मध्ये कुष्ठरोगाचा पाच पायऱ्यांचा पट मांडला. एका टोकाला एकदोन चट्टे. तिथं टी पेशी जंतूला ओळखतात, गराडा घालतात, जवळजवळ संपवतात, पण त्या झटापटीत जंतूनं आसरा घेतलेली नसही चिरडतात. दुसऱ्या टोकाला जंतूंचा सुकाळ. तिथल्या रुग्णाचं शरीर इतर रोगांशी नेहमीसारखं लढतं, त्याच्या लशी त्याला लागू पडतात. फक्त या एका जंतूसमोर टी पेशी गप्प असतात. मेलेल्या कुष्ठजंतूंचा अर्क कातडीत टोचला तर पहिल्या टोकाच्या रुग्णाला तिथं गाठ येते आणि या रुग्णाला काहीही येत नाही. त्याच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर असतात, पण पेशीच्या आत लपलेल्या जंतूपर्यंत ती पोचत नाहीत. अशा रुग्णांच्या चट्ट्यांत फॉक्सपी-3 वाल्या जमादार पेशी बऱ्याच अभ्यासांत जास्त आढळल्या आहेत. त्या जंतूनं वश केल्या, की जंतू साठत गेल्यामुळे शरीरानं त्या तिथं बोलावल्या, हा वाद अजून मिटलेला नाही. आनुवंशिकता यात आहे हे मात्र निश्चित. भारतातच झालेल्या जुळ्यांच्या एका अभ्यासात, 1973 मध्ये छापलेल्या, एकसारख्या जुळ्यांत दोघांनाही रोग असण्याचं प्रमाण वेगळ्या जुळ्यांपेक्षा बरंच जास्त निघालं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोड्याला आनंदवन उभं राहण्याआधीची एक गोष्ट इथं आठवते. बाबा आमटे 1949 मध्ये कुष्ठरोगाचं शिक्षण घ्यायला कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये गेले होते. जंतू कशातच वाढत नाही म्हणून संशोधन अडलंय असं कळल्यावर त्यांनी स्वतःचं शरीर पुढे केलं. आधी मेलेले आणि मग जिवंत जंतू टोचून घेतले, असं त्यांच्या चरित्रांतून सांगितलं जातं. रोग झाला नाही. या प्रसंगाकडे धैर्याची कथा म्हणून बघितलं जातं आणि ते योग्यच आहे. पण त्यात एक वैज्ञानिक उत्तरही आहे. त्या काळात लोक ज्याच्या सावलीला घाबरत होते, तो जंतू बाबांच्या टी पेशींनी परका म्हणून ओळखला आणि निकालात काढला. बहुतेक माणसांच्या टी पेशी हेच करतात. गावाबाहेर काढलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कुष्ठरुग्णांवर झालेला अन्याय किती निराधार होता, हे एवढ्यावरून दिसतं.

गप्प बसलेल्या टी पेशींना बोलतं करता येईल का? मुंबईत या प्रश्नावर फार जिद्दीनं काम झालं. डॉ. वसंत खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये 1950 च्या दशकात कुष्ठरुग्णाच्या गाठीतून एक जंतू वाढवला गेला. तो कुष्ठजंतूचा भाऊबंद निघाला. पुढे डॉ. माधव देव यांनी त्यापासून आयसीआरसी लस तयार केली. तिच्यामुळे जंतूंच्या सुकाळाच्या टोकाच्या काही रुग्णांतही कातडीची चाचणी ‘नाही’ची ‘होय’ झाली. दिल्लीत डॉ. जी. पी. तलवार दुसऱ्याच एका निरुपद्रवी जंतूपासून लस करत होते. दक्षिण भारतात डॉ. एम. डी. गुप्ते यांच्या देखरेखीखाली या लशींची एकमेकींशी तुलना झाली. 1998 मध्ये निकाल आले, त्यात आयसीआरसी लशीनं सुमारे 65 टक्के आणि तलवारांच्या लशीनं सुमारे 25 टक्के संरक्षण दिलं. असं असूनही आयसीआरसी लस गावोगावी पोचली नाही. बहुविध औषधोपचारानं रुग्णसंख्या झपाट्यानं खाली आली होती, डिसेंबर 2005 मध्ये देशानं दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठल्याचं जाहीर केलं आणि लशीची निकड ओसरली. ही निकड फार लवकर ओसरू दिली, असं आज म्हणावं लागतं. जगात अजून दरवर्षी पावणेदोन लाखांच्या आसपास नवे कुष्ठरुग्ण सापडतात आणि त्यातले निम्म्याहून अधिक भारतातले असतात. गडचिरोली आणि चंद्रपूर हे महाराष्ट्रातल्या जास्त प्रमाणाच्या जिल्ह्यांत मोडतात.

उपचार फुकट आहे आणि गुणकारी आहे. कमी चट्टेवाल्याला सहा महिने, जास्तवाल्याला बारा. महिन्याचं गोळ्यांचं पान मिळतं आणि त्यातला पहिला डोस कार्यकर्त्यासमोर घ्यायचा असतो. लघवी लाल होते, कातडी काळवंडते, ते सांगून ठेवलेलं असतं. जे पुरेसं सांगितलं जात नाही ते पुढे घडतं.

गोळ्यांनी जंतू मरू लागतात. मेलेल्या जंतूंचे तुकडे कातडीत आणि नशीत पडून राहतात. आणि अशा वेळी इतकी वर्षं झोपलेल्या टी पेशी कधी कधी एकदम जाग्या होतात. रात्रीतून जुने चट्टे लाल होऊन फुगतात, कोपरातली नस ठणकू लागते, हाताची पकड सुटते. पटाच्या मधल्या पायऱ्यांवरच्या रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांशांना ही प्रतिक्रिया कधी ना कधी येते. रुग्णाच्या दृष्टीनं बघा. आधी चट्टा दुखत नव्हता, हात चालत होता. गोळ्या सुरू केल्या आणि हात गेला. ‘औषध गरम पडलं’ असं तो म्हणतो, पान कोपऱ्यात टाकतो आणि पुजाऱ्याकडे जातो. त्याच्या तर्कात चूक काढायला जागा नाही. सहिष्णुता मोडते तेव्हा असंच दिसतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. खरं तर शरीर उशिरा का होईना शहाणं झालेलं असतं, पण लढाईचं मैदान त्याची स्वतःची नस असते.

जंतूंच्या सुकाळाच्या टोकाला वेगळी प्रतिक्रिया येते. प्रतिपिंडं आणि जंतूंचे अवशेष यांचे गोळे रक्तात फिरतात, अंगभर दुखऱ्या गाठी, ताप, डोळ्यांना सूज. जेरुसलेमच्या जेकब शेस्किन यांनी 1964 मध्ये अशाच तळमळणाऱ्या एका रुग्णाला झोप यावी म्हणून थॅलिडोमाइड दिलं आणि गाठी विरल्या. गर्भवतींच्या बाळांवर झालेल्या भयंकर परिणामांमुळे जगानं टाकलेल्या औषधाला असं दुसरं आयुष्य मिळालं. आजही ते बाईला देताना हजार खबरदाऱ्या घ्याव्या लागतात.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट या सगळ्या विषयाला एकत्र बांधते. पोटातलं बाळ निम्मं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला निम्मं परकं. ते नऊ महिने सांभाळलं जावं म्हणून आईच्या अंगात नियामक टी पेशी वाढतात, प्रतिकाराचा सूर उतरतो. बाळंतपणानंतर तो पुन्हा चढतो. कुष्ठरोग असलेल्या किंवा नुकत्याच गोळ्या संपवलेल्या बाईत नसांची प्रतिक्रिया नेमकी या दिवसांत येण्याचा धोका असतो. बाळंतीण बाळाला कुशीत घेऊन झोपलेली असताना तिच्या हाताला मुंग्या येऊ लागल्या तर घरचे म्हणतात, अंग मोडलंय, होईल बरं. त्रास सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत प्रेडनिसोलोन हे सूज आवरणारं औषध सुरू झालं तर नस बऱ्याचदा सावरते. त्यानंतर क्वचित. बाळ-बाळंतिणीच्या भेटीला आशाताई जातेच. कुष्ठाच्या यादीत नाव असलेल्या बाईचा हातही तिनं त्याच भेटीत तपासावा, याला वेगळा पैसा लागत नाही.

ज्याला ‘उपचारातून मुक्त’ म्हणतात त्याचं नाव गोळ्या संपल्या की चालू रुग्णांच्या यादीतून निघतं. जंतूच्या हिशेबानं ते बरोबर आहे. पण प्रतिक्रिया गोळ्या संपल्यावर महिन्यांनी, काही वेळा वर्षांनीही येते. रुग्णाच्या नसेला अजून पहाऱ्याची गरज असते, तेव्हाच पहारेकऱ्याचं रजिस्टर मिटलेलं असतं.

याच्या अगदी उलट आजार म्हणजे कोड. कुष्ठात परक्याला आपलं मानलं जातं, कोडात आपल्याला परकं. टी पेशी कातडीला रंग देणाऱ्या पेशी एकेक करून मारतात आणि दुधासारखा पांढरा डाग पडतो. कुष्ठाचा चट्टा कधीच तसा शुभ्र नसतो, आणि कोडाच्या डागावर बॉलपेनचं टोक टेकलं की बोट लगेच तिथं येतं. कोड संसर्गजन्य नाही, त्यानं नसा जात नाहीत. तरी मराठीत त्याला ‘श्वेतकुष्ठ’ म्हणायची जुनी रीत आहे आणि या एका शब्दानं कितीतरी मुलींची लग्नं मोडली आहेत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 2006 चा ‘नितळ’ हा चित्रपट याच दुखण्याभोवती उभा आहे. रोगाचं नाव बदलणं हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

सोसण्याचा आणखी एक प्रकार एटापल्लीच्या जंगलात रोजचा आहे, तो मलेरियाचा. वारंवार ताप येऊन गेलेल्या मोठ्या माणसांत कधी कधी रक्तात परजीवी असूनही ताप नसतो. शरीरानं परजीवीला पूर्ण हरवलेलं नसतं, त्याच्यावर भडकणं कमी केलेलं असतं. ही सवय कच्ची असते, काही वर्षं बाहेरगावी राहून आलेल्याची ती मोडते. आणि ताप नसलेला माणूस तपासणीतून सुटतो, डासांना मात्र पुरतो.

पुन्हा कुष्ठाकडे. कोपरातल्या नशीची पहिली तक्रार करंगळीत दिसते. तेंदूपत्त्याच्या दिवसांत सत्तर पानांचं पुडकं बांधताना पानांची चवड बोटांत धरून दोरी आवळावी लागते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकडं होऊ लागलं की पानं निसटतात आणि बाई म्हणते, हात दमला. यासाठीची तपासणी कागदाच्या एका तुकड्यावर होते. करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात तो कागद धरायला सांगायचं आणि दुसऱ्या टोकाला धरून हळूच ओढायचं. नस ठीक असेल तर कागद अडतो, ओढणाऱ्याला जोर लावावा लागतो. गोळ्या संपवून वर्ष झालेल्या बाईच्या बोटांतून तो नुसताच सरकत बाहेर आला, तर तिला त्याच दिवशी एटापल्लीच्या ग्रामीण रुग्णालयात न्यायचं असतं, पुडकी तशीच ठेवून.